रेडिएटरची गळती आणि दुरुस्तीचा हक्क

परभणी-जिंतूर मार्गावरील झरीसारख्या गावात डिझेलवर चालणारी जुनी जीप ही चैनीची वस्तू नव्हे. बाजार, दवाखाना आणि जिल्ह्याची कचेरी यांच्याशी गावकऱ्यांचा संबंध ती राखते, आणि तिच्या कर्जाचा हप्ता तिच्याच फेऱ्यांतून फिटतो. पारा 42 अंशांवर गेलेला असताना अशी गाडी तापून रस्त्यात उभी राहिली की एका कुटुंबाची रोजी बुडते. म्हणूनच इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची गळती हा केवळ यंत्राचा बिघाड राहत नाही. तो कष्टकऱ्याच्या अर्थकारणाचा प्रश्न बनतो.

या बिघाडाचे बाह्य लक्षण एकच असते : पाणी घटते आणि काटा वर चढतो. कारणे मात्र अनेक असून त्यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. रबरी नळीवरची क्लिप सैल झाली असेल तर पेचकसाने काम भागते. झाकणाचे रबर निकामी झाले असेल तर झाकण बदलावे लागते. वॉटर पंपाचे सील गेले असेल तर पंपाच्या बुडाशी असलेल्या बारीक छिद्रातून ओघळ येतो. हेड गॅस्केट जळले असेल तर मात्र इंजिनाचे हेडच उतरवावे लागते. निदानावाचून दुरुस्तीला हात घालणे म्हणजे किरकोळ दोषासाठी मोठ्या दोषाची किंमत मोजणे होय.

निदान अवघड नाही. गाडीखाली रात्रभर कोरडा पुठ्ठा अंथरला की सकाळी ओलीची जागा कळते. जोडांवर साचलेला पांढरा किंवा हिरवट थर जुनी गळती दाखवतो. त्याने उलगडा झाला नाही तर इंजिन थंड असताना दाबपंपाने झाकणावर नोंदलेल्या दाबाइतकी हवा भरावी. काटा घसरूनही बाहेर कोठे ओल दिसत नसेल, तर दोष आत आहे. दुधाळ झालेले तेल, धुराड्यातून सतत येणारा पांढरा धूर आणि रेडिएटरमध्ये उठणारे बुडबुडे ही त्याची खूण. गरम इंजिनाचे झाकण मात्र कदापि उघडू नये. दाब सुटताच उकळते पाणी अंगावर उसळते.

गळती बुजवण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची रस्त्यावरची युक्ती सर्वश्रुत आहे. ती गावापर्यंत पोहोचवील, पण बारीक नळ्याही तुंबवील. बोअरच्या जड पाण्याने साचणारा क्षारही तेच करतो. शुद्ध पाण्यात योग्य प्रमाणात कूलंट घालणे हाच अखेर स्वस्त उपाय ठरतो. काढलेले कूलंट मात्र उघड्यावर ओतू नये. ते चवीला गोड असून जनावरांना विषारी असते.

परंतु दोष कळला म्हणून दुरुस्ती परवडेलच असे नाही. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर गावातला कारागीर झाळून देत असे. नव्या गाड्यांत ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या आल्या. टाकीला तडा गेला की बहुधा सबंध रेडिएटरच बदलावा लागतो. सुटे भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देण्याच्या प्रथेबद्दल स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या आदेशाला न्यायालयांत आव्हान दिले गेले. केंद्र सरकारने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, संकेतस्थळही उघडले. तथापि संकेतस्थळाने झरीच्या गॅरेजात दाबपंप येत नाही.

तो आणण्याचे काम संघटनेचे आहे. दहा-बारा गाडीवाल्यांनी वर्गणीतून एक दाबपंप घ्यावा आणि तो गावातील कारागिराकडे सामायिक ठेवावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी आठवडी बाजाराच्या दिवशी गावात येऊन निदानाचे वर्ग घ्यावेत, अशी मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरावी. प्रत्येक गाडीवाल्याने तपशीलवार बिल आणि काढलेला जुना भाग मागून घ्यावा. दुरुस्तीचा हक्क कागदावरून खाली उतरायचा असेल, तर त्याची सुरुवात अशाच साध्या गोष्टींतून होईल.