सांडलेल्या तेलाचा हिशेब

भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यातील एखाद्या लहान कारखान्यात पाऊल टाकले की हायड्रॉलिक प्रेसच्या पायथ्याशी पसरलेला लाकडाचा भुसा बहुधा नजरेस पडतो. यंत्रातून तेल गळते, त्यावर भुसा टाकला जातो, पाळी संपताना तो झाडून नेला जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच क्रम सुरू होतो. याला तेथे सफाई म्हणतात. वस्तुतः ही तेलाची केवळ बदली असते, आणि सरकारी बदलीप्रमाणेच तिने मूळ दुखणे जागच्या जागी राहते.

काँक्रीट दगडासारखे दिसले तरी सच्छिद्र असते. तेल त्यात झिरपते, आणि म्हणूनच वरून पुसलेली जमीन थोड्याच वेळात पुन्हा ओशट होते. तेल ताजे असतानाच शोषक मातीची पूड पसरून, चोळून ती उचलावी. डाग जुना असेल तर अशीच पूड व तेल सोडवणारे रसायन यांचा दाट लेप देऊन तो वाळू द्यावा, म्हणजे आत मुरलेले तेल वर ओढले जाते. एका लेपाने सहसा भागत नाही. एवढा धीर कोणाला? त्यापेक्षा साबणाची पूड आणि पाण्याची नळी सोपी वाटते. परंतु साबणाने तेल नाहीसे होत नाही. ते बारीक कणांत फुटून पाण्यात मिसळते. तेल पाण्यावर तरंगते या एकाच तत्त्वावर सांडपाण्याच्या वाटेवरील साधा तेलसापळा चालतो, आणि फुटलेले तेल तरंगत नसल्याने ते त्यातून निसटते. पुढे नाला आणि नाल्यापुढे पवना किंवा इंद्रायणी. नदीत सोडावयाच्या सांडपाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅमहून अधिक तेल व ग्रीस नसावे, अशी केंद्रीय नियमांची सर्वसाधारण मर्यादा आहे. त्या मापाने एक लिटर तेल ८० हजार लिटरांहून अधिक पाण्याला पुरते.

१९४८ च्या कारखाने कायद्यातील कलम ३२ मध्ये १९७६ साली दुरुस्ती होऊन जमिनीवर माणूस घसरेल असा पदार्थ राहू नये, असे स्पष्ट शब्द आले. तरीही चिंधी घेऊन यंत्राखाली वाकणारा मनुष्य बहुधा कंत्राटी मदतनीसच असतो. घसरण्याहून मोठा धोका त्याला ठाऊकही नसतो. मोटारीच्या चाकात सुमारे २ बार दाब असतो. प्रेसच्या नळीत तो २०० बारपर्यंत जातो. नळीला सुईएवढे छिद्र पडले तर तेलाची न दिसणारी धार कातडी भेदून आत शिरते. जखम टोचल्यासारखी दिसते, परंतु तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, प्रसंगी हातही गमवावा लागतो. गळती हाताने चाचपायची नसते. यंत्र बंद करून, दाब उतरवूनच जवळ जायचे असते, हे त्याला सांगणार कोण?

वापरलेले तेल आणि तेलकट चिंध्या २०१६ च्या नियमांनी घातक कचऱ्यात मोडतात. त्यांची नोंद ठेवावी लागते व ते अधिकृत संस्थेलाच द्यावे लागतात. पिंपातल्या तेलाला असा हिशेब आहे, सांडलेल्याला नाही. खरे तर तो अगदी सोपा आहे. हायड्रॉलिक यंत्रातील तेल इंधनासारखे जळत नाही, तेच ते फिरत राहते. तेव्हा टाकीत जेवढी भर घालावी लागली, जवळजवळ तेवढेच तेल बाहेर गेले. सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाला चार लिटरांवर आणि वर्षाला दीड हजार लिटरांवर तेल जाते. त्यापुढे रबरी सीलची किंमत ती काय!

लहान मालकाची अडचण खोटी नाही. सील बदलायला प्रेस अर्धा दिवस थांबवावी लागते आणि माल पोहोचवण्याची तारीख थांबत नाही. पण ही तारीख घालून देणारे मोठे कारखाने सुट्या भागांची तपासणी करण्यासाठी आपली माणसे तेथे पाठवतातच. त्यांनी मापपट्टीबरोबर तेलाच्या भरीची वहीही मागितली, तर तो अर्धा दिवस मालकाला मागून घेता येईल.