सुकाणू सुनेच्या पायाशी



आपल्या कोकणी मुसलमानांच्या घरात समुद्र पुरुषांचा असतो. माझे अब्बा जहाजावर, दोन मामा जहाजावर, चुलते मच्छीमार. आम्हा मुलींच्या वाट्याला यायचं ते मच्छी साफ करणं आणि तुफानाच्या रात्री तस्बीह घेऊन जागणं. "पाण्याजवळ जाऊ नको," हे मी आईकडून ऐकलं आणि माझ्या मुलांनाही तेच ऐकवलं. म्हणून सत्तावन्नाव्या वर्षी मी कॅनडाच्या समुद्रात वल्हं धरून बसले होते, हे लिहिताना मला अजून हसू येतं.

मुलगा आणि सून व्हँकुव्हरजवळ सरेला राहतात. ह्यांच्या इंतकालनंतर मुलाचा एकच धोशा होता : घर बंद करा आणि कायमचं इकडे या. मला वाटायचं, ही कल्पना सुनेचीच. नाराजी पोटात ठेवून मी तीन महिन्यांसाठी गेले, तर तिथं सुनेनं मला न विचारताच चार रात्रींची सहल ठरवून ठेवलेली. तीही कयाकची, म्हणजे दोन माणसांच्या अरुंद होडीतून समुद्रात जायची. मी सरळ सांगितलं, "मला पोहता येत नाही." ती म्हणाली, "अम्मी, ही सहल नवशिक्यांसाठीच आहे. आणि रात्री तंबूत नाही, लॉजवर राहायचंय."

आपल्याकडे लॉज म्हटलं की एसटी स्टँडसमोरची खोली डोळ्यांपुढे येते. तिकडचा लॉज म्हणजे जंगलाच्या कडेला, पाण्याला लागून असलेलं लाकडी घर. सकाळी कयाक घेऊन निघायचं, संध्याकाळी परत यायचं, गरम जेवण, कोरडं अंथरूण. पहिल्यांदा जाणाऱ्याला याच सोयीचा धीर येतो. आम्ही फेरीनं व्हँकुव्हर बेटावर उतरलो, मग काही तास मोटारीनं उत्तरेला पोर्ट मॅकनीलकडे आणि शेवटचा टप्पा मोटरबोटीनं. समोर जॉन्स्टन सामुद्रधुनी. एका बाजूला बेटाचे डोंगर, दुसऱ्या बाजूला लहान बेटांची गर्दी आणि त्यामागे कॅनडाची मुख्य भूमी.

पोशाखाची मला मोठी काळजी होती, पण तो प्रश्न थंडीनंच सोडवला. तिथलं पाणी ऑगस्टातही साधारण दहा अंशांच्या आसपास. बाया असोत की पुरुष, सगळे मानेपासून पायापर्यंत झाकलेले. वर जॅकेट, त्यावर लाइफ जॅकेट, पायांत रबरी बूट. डोक्याला मी घट्ट बसणारा, लवकर वाळणाऱ्या कापडाचा हिजाब बांधला. लांब ओढणी आणि सुती कपडे मात्र नकोत. ओढणी अडकते आणि भिजलेलं सूत अंगाला गारठवतं.

खाण्याचं आधीच कळवलं होतं : मांस नको, मासे चालतील. सामन आणि हॅलिबट यांवर आमचे चार दिवस मजेत गेले. नातीला शेकोटीवर भाजलेले मार्शमॅलो हवे होते. त्यात बहुधा डुकराचं जिलेटिन असतं, म्हणून सुनेनं हलाल पाकीट सोबत आणलं होतं. नमाजेचंही जमलं. ऑगस्टच्या सुरुवातीला तिथं मगरिब रात्री सव्वानऊच्या सुमारास. आपण शाफई, त्यात मुसाफिर, मुक्कामाचे पूर्ण दिवस तीनच. म्हणून कसर केली, जोहर-असर एकत्र केली. इतर मसलकवाल्यांनी आपल्या आलिमांना विचारून घ्यावं. किबला मात्र चकित करणारा. आयुष्यभर पश्चिमेला तोंड केलेली मी तिथं जवळजवळ उत्तरेला, किंचित पूर्वेकडे वळून उभी राहिले. समुद्राच्या पाण्यानं वुजू केला तेव्हा बोटं बधिर झाली.

पहिली सकाळ शिकण्यात गेली. कयाक उलटली तर घाबरायचं नाही. कमरेभोवतीच्या आवरणाचा पुढचा फास ओढायचा, ते सुटतं आणि माणूस बाहेर येतो. दोघांची कयाक रुंद असते, सहसा उलटत नाही. पुढे बसणारा वल्ह्याची लय ठरवतो. मागे बसणाऱ्याच्या पायाशी पॅडल असतात, त्यांनी सुकाणू वळतं. मार्गदर्शक मुलीनं मला पुढे बसवलं आणि सुनेला मागे. म्हणजे कुठं जायचं ते ती ठरवणार आणि मला तिचा चेहराही दिसणार नाही! मी मनात म्हटलं, घरात जे चाललंय तेच इथंही.

पहिला अर्धा तास आमची वल्ही एकमेकांवर आपटत होती. मी दर दोन मिनिटांनी मागे वळून "उजवीकडे घे" म्हणायची आणि वळले की होडी डुलायची. शेवटी सून शांतपणे म्हणाली, "अम्मी, तुम्ही फक्त लय सांभाळा. मी तुमच्याकडे बघूनच वल्हं मारतेय." मी मागे बघणं सोडलं आणि होडी सरळ चालू लागली. मार्गदर्शक मुलीनं भरती-ओहोटीचा तक्ता दाखवला, तेव्हा मात्र मला शिकवावं लागलं नाही. उधाणाला पाण्याची ओढ जास्त, भांगाला कमी, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. तिथं दुपारी वारा चढतो, म्हणून सगळे सकाळीच निघतात. अब्बांचा समुद्र माझ्याही कानात होता तर!

तिसऱ्या दिवशी दाट धुकं होतं. केल्प नावाचं समुद्री शेवाळ तिथं दोरखंडासारखं तळापासून वर येतं. ते धरून आम्ही सगळे किनाऱ्याशी थांबलो. आधी दिसलं काहीच नाही, फक्त आवाज आला. कुणीतरी खोल श्वास सोडावा तसा, मग दुसरा, तिसरा. धुकं थोडं विरळ झालं आणि काळे पंख दिसले. ऑर्का. नराचा पाठीवरचा पंख पावणेदोन मीटरपर्यंत उंच असतो. माणूसच उभा असल्यासारखा वाटला. तोंडातून "सुब्हानल्लाह" निघालं. त्यांच्यापासून निदान दोनशे मीटर दूर राहायचा नियम आहे, म्हणून वल्ही मांडीवर ठेवून आम्ही गप्प बसलो.

एकेकाळी याच प्राण्यांवर लोक गोळ्या झाडत, मत्स्यालयांसाठी पकडून नेत. 1970च्या दशकात मायकल बिग या शास्त्रज्ञानं पंखावरच्या खाचा आणि पाठीवरच्या खुणा यांचे फोटो घेऊन एकेक ऑर्का ओळखायची पद्धत बसवली, तेव्हा कळलं की त्या समजत होते त्यापेक्षा फार थोड्या उरल्या आहेत. 1982 मध्ये रॉब्सन बाइटचा परिसर राखीव झाला. तिथल्या गोट्यांवर त्या अंग घासायला येतात. आज या उत्तरेकडच्या समूहात तीनशेहून अधिक ऑर्का आहेत. त्या मासेच खातात, मुख्यतः चिनूक सामन.

रात्री मार्गदर्शक मुलगी सांगत होती : मुलगा असो की मुलगी, या ऑर्का जन्मभर आईजवळ राहतात. मादीची पिल्लं होणं चाळिशीच्या आसपास थांबतं, पण ती पुढे कित्येक दशकं जगते आणि आजी जिवंत असेल तर नातवंडं जगण्याची शक्यता वाढते. मुलगा लगेच म्हणाला, "बघा अम्मी, जन्मभर आईजवळ!" मी म्हटलं, "ते खरं, पण घर सोडून आई जात नाही. मुलगा राहतो."

सगळे हसले. सून मात्र बाहेर पायरीवर माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "अम्मी, घर बंद करू नका. मी यांना पहिल्यापासून हेच सांगतेय. ते घर गेलं तर माझ्या मुलीला कोकण कुठं दाखवू? उन्हाळ्यात तुम्ही इकडे या, सुट्टीत आम्ही तिकडे येऊ." वर्षभर मी जिच्यावर रुसले होते, ती माझ्याच बाजूनं होती. मी कधी विचारलंच नव्हतं. खोलीत गेल्यावर आधी तौबा केली.

आता मी घरी आहे. आपल्या तारकर्लीला, दापोलीलाही डॉल्फिन दाखवायला होड्या नेतात. बऱ्याचदा इंजिन चालू ठेवून त्यांचा पाठलागच होतो. तुम्ही गेलात तर होडीवाल्या भाऊंना सांगा : इंजिन बंद करा, आम्ही थांबतो. पाणी शांत असेल अशा दिवसांतच जा, मुलांनाच नव्हे, स्वतःलाही लाइफ जॅकेट घाला. आणि मुलींना पाण्यापासून लांब ठेवण्यापेक्षा पोहायला शिकवा. मी नातीकडून कबूल करून घेतलंय : पुढच्या वर्षी मला ती शिकवणार आहे, इन्शाअल्लाह.