जांभूळ खा, पण साखरेची गोळी सोडू नका

जून लागला की वस्तीच्या तोंडाशी पाट्या घेऊन जांभूळवाल्या बसतात. पालघरच्या बहाडोलीच्या टपोऱ्या जांभळांना 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण माझ्या मते चवीला रानातले बारके, तुरट जांभूळच खरे. या सदाहरित झाडाशी आपले नाते जुने आहे. लहानपणी जांभळीच्या गार सावलीत बसलो असता पहिले ध्यान लागले, असे तथागतांनी महासच्चक सुत्तात सांगितले आहे.

फळाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या बियांच्या पुडीबद्दल. ‘शुगर मुळापासून बरी, गोळ्या बंद’ असे सांगून ही पुडी आपल्या वस्त्यांत विकली जाते. आमच्याकडच्या एका मावशींनी चार महिने पुडी घेतली आणि दवाखान्याच्या गोळ्या सोडल्या. पायाला चप्पल लागून जखम झाली, ती त्यांना कळलीच नाही. पायाची दोन बोटे काढावी लागली. घरकामे करणारी बाई, आता जिना चढता येत नाही.

जांभळात औषधी गुण असतीलही. प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत साखर उतरलेली दिसली आहे. पण ब्राझीलमध्ये मधुमेही माणसांना जांभळीच्या पानांचा काढा देऊन पाहिला, तेव्हा त्याने उपाशीपोटीची साखर उतरली नाही. ज्यांना गोळी दिली त्यांची उतरली. शिवाय अशा देशी पुड्यांत साखरेची गोळीच कुटून मिसळल्याचे प्रकार सापडले आहेत. मग साखर एकदम उतरून माणूस घाम फुटून कोसळतो आणि घरच्यांना कारण कळत नाही.

मधुमेही माणसाने जांभूळ खावे, वाटीभर. 100 ग्रॅम जांभळात साधारण 15 ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे तेही गोडच. बीपी असेल तर वर मीठ नको. आणि जीभ जांभळी झाली म्हणून रक्त वाढत नाही. तो फळाचा रंग आहे, लोह त्यात फार थोडे.

बाबासाहेबांना अखेरची वर्षे मधुमेहाने छळले. पाय दुखत, नजर मंदावली. माईसाहेब स्वतः डॉक्टर, त्या त्यांची औषधे आणि पथ्ये सांभाळत. तो आजार आज आपल्या घराघरांत आहे.

लोक पुडीकडे का वळतात, हेही मला ठाऊक आहे. सरकारी दवाखान्यात गोळी फुकट मिळते, पण रांगेत अर्धा दिवस जातो आणि रोज बुडतो. कधी गोळ्या संपलेल्या असतात. पुडीवाला मात्र दारात येतो, ‘ताई’ म्हणून विचारपूस करतो. दोष एकट्या रुग्णाला देऊन चालणार नाही.

तिशीपुढच्या प्रत्येकाची साखर आणि बीपी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासण्याची योजना आहे. आषाढी पौर्णिमेपासून वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचनाला माणसे जमतात. महिला मंडळाने आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना लेखी अर्ज द्यावा: यातल्या एका संध्याकाळी नर्स आणि तपासणीचे यंत्र विहारात पाठवा, आणि गोळ्या महिन्याभराच्या एकदम द्या. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.