शाळेतली खोली की दवाखान्यातली?

माझी भाची यंदा सायकॉलॉजीत एम.ए. करतेय. दिवाळीत फराळाची ताटं पुढे आली तेव्हा तिनं विचारलं, "मावशी, शाळेत काउन्सेलर होऊ की क्लिनिकलला जाऊ?" मी तोंड उघडायच्या आत तिच्या आजोबांनी उत्तर देऊन टाकलं, "क्लिनिकल! नावापुढे काहीतरी लागेल तरी." मग माझ्याकडे बघून ते जरा ओशाळले. मी एकोणीस वर्षं इंदूरमध्ये शाळेत समुपदेशक आहे आणि माझ्या नावापुढे 'मॅडम' सोडून काही लागलेलं नाही.

हाच प्रश्न या सदराच्या दोन-तीन वाचकांनीही कळवलाय, म्हणून आज त्याबद्दलच.

आधी कागदपत्रांचं सांगते, कारण मुलं फसतात ती तिथे. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' ही पाटी कुणीही लावू शकत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि त्यांच्या रजिस्टरमध्ये नाव लागतं. नाव नसताना हे काम केलं तर १९९२ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. दंडाची रक्कम वाचून हसू येतं, पण कैद आहे. आजवर नेहमीची वाट होती एम.ए.नंतर दोन वर्षांचं एम.फिल. यूजीसीनं २०२२ मध्ये एम.फिल. ही पदवीच बंद केली, क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती २०२५-२६ पर्यंत सवलत दिली. त्यामुळे सीनियर मंडळींचा सल्ला आता जसाच्या तसा चालणार नाही. साय.डी. आणि इतर मान्य अभ्यासक्रमांची यादी आरसीआयच्या संकेतस्थळावर असते. कॉलेजचं नाव आणि आपलं प्रवेशाचं वर्ष, दोन्ही त्यात बघितल्याशिवाय फी भरू नका. नुसतं एम.ए.च्या पुढे 'क्लिनिकल' छापलंय एवढ्यावर जाऊ नका.

शाळेची वाट छोटी आहे. सायकॉलॉजीतली पदवी असेल, तर एनसीईआरटीचा मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा एक वर्षाचा डिप्लोमा त्यावर करता येतो. आपल्याला जवळ म्हणजे भोपाळ, श्यामला हिल्सवरची रीजनल इन्स्टिट्यूट. काही भाग घरून, काही तिथे राहून, मग शाळेत इंटर्नशिप. सीबीएसईच्या नियमांत समुपदेशक हवाच. शिवाय जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलंय. जागा वाढतील. पगार शिक्षकाइतका, छोट्या शाळेत त्याहून कमी, आणि कुणी रजेवर असलं की अरेंजमेंट पीरियड तुमच्याच गळ्यात.

आता कामाचं. शाळेत मूल तुमच्याकडे 'आलोय' असं म्हणून येत नाही. पट्टी मागायला येतं, पोट दुखतंय म्हणून येतं, हरवलेली बाटली इथे आहे का विचारतं. दारातच घुटमळतं. तुम्हाला मिळतात वीस मिनिटं, मग घंटा. संध्याकाळी प्राचार्य विचारतात, "काय म्हणत होता तो?" पगार शाळा देते आणि गुपित मुलाचं असतं. त्यातलं किती सांगायचं, हे कुठल्या डिप्लोमात नीट शिकवत नाहीत. एक मात्र पक्कं: लैंगिक अत्याचाराचं कळलं तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. तिथे मुलाला 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नये.

एक गोष्ट सांगते. तपशील बदललेत. अकरावीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत डबा न उघडता माझ्या खोलीत येऊन बसायची. मैत्रिणींशी बिनसलंय असं मला वाटलं. छान बोलायची, आणि मला आपलं बरं वाटायचं की ही माझ्यापाशी मोकळी होते. थंडीचे दिवस होते, अंगात स्वेटर. अडीच महिन्यांनी प्रार्थनेला चक्कर येऊन पडली तेव्हा कळलं, वजन किती उतरलंय. तिला माझ्या गप्पा नको होत्या. डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, तिघांची गरज होती, आणि डबा मी पहिल्या आठवड्यात बघितला होता.

वडील आले ते रागातच. "शाळेनं माझ्या मुलीला वेडी ठरवलं!" आमच्या लहानपणी कुणी विचित्र वागलं की घरात म्हणायचे, याला बाणगंगेला नेऊन सोडा. मेंटल हॉस्पिटल तिथे आहे म्हणून. ते वाक्य अजून घराघरात आहे. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले, तिसऱ्या दिवशी ते तिला घेऊन गेले. तेवढं मला जमलं. त्याआधीचा उशीर माझा.

हे मी भाचीला सांगितलं, तर तिनं लगेच विचारलं, "मग पुढे? तिथे त्यांनी काय केलं? आधी वजन की आधी बोलणं?"

"मला माहीत नाही. तिथलं तिथे राहतं."

"तुला चैन कसं पडलं पण?"

खरं सांगायचं तर मला पडतं. दुसऱ्या दिवशी दारात दुसरं कुणीतरी असतं. पण तिचा प्रश्न ऐकून मला वाटलं, ही शाळेत राहिली तर कुढेल. क्लिनिकलमध्ये समोरचा माणूस स्वतःहून किंवा घरच्यांच्या सांगण्यावरून उपचारासाठीच आलेला असतो. चाचण्या, निदान, मग आठवड्यामागून आठवडे उपचार. औषध लिहून देणं मात्र मनोविकारतज्ज्ञाचं काम. तीच ती भीती चाळिसाव्यांदा ऐकायची तयारी लागते, आणि बरं वाटायला लागलं की पेशंट येणं बंद करतो तेही सोसावं लागतं. मला ते झेपलं नसतं. एका वर्षी मी एम.फिल.ची प्रवेश परीक्षा दिली होती. नाव आलं नाही, आणि बरीच वर्षं मी लोकांना सांगत राहिले की मला शाळाच हवी होती. आता ते खरं झालंय, तेव्हा नव्हतं.

म्हणून 'आधी शाळेत लागू, मग बघू' म्हणणाऱ्यांना मी अडवत नाही. दोन वर्षं शाळेत काढून पुढे शिकायला गेलेल्या मुली मी पाहिल्यात. फक्त शाळेत असताना चाचण्यांचे आकडे वाचून मुलावर रोगाचं नाव चिकटवू नका. पालक ते नाव आयुष्यभर जपून ठेवतात.

भाचीनं अजून काही ठरवलेलं नाही. फेब्रुवारीत माझ्या शाळेत आठ दिवस बसायला येणार आहे, आणि तिच्या एका मॅडमच्या ओळखीनं दवाखान्यातही परवानगी मागितलीय. आजोबांनी एकच विचारलं, "किती वर्षांचं आहे ते क्लिनिकल?" तिनं सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजलं, आणि चकली मोडून म्हणाले, "तोवर मी आहे."