लाल प्रकाशाचा बेड: घेण्यापूर्वी पाय तपासा

गेल्या पावसाळ्यात एक जोडपे दवाखान्यात आले. काका बहात्तर वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक. मधुमेह सोळा वर्षांचा जुना. काकू अडुसष्ट वर्षांच्या, गुडघेदुखीने बेजार. काकांच्या हातात एक गुळगुळीत माहितीपत्रक होते. त्यावर लाल उजेडाने भरलेल्या पेटीत एक तरुणी डोळे मिटून पहुडली होती.

"डॉक्टर, लेक म्हणते, घेऊनच टाका. साडेतीन लाखांचा आहे. पण माझ्या पायांची आग आणि हिचे गुडघे, दोन्ही थांबतील म्हणे. दहा दिवस त्यांच्या केंद्रात मोफत झोपूनही आलो. घ्यावा का?"

मी माहितीपत्रक बाजूला ठेवले आणि काकांना मोजे काढायला सांगितले. डाव्या टाचेवर रुपयाएवढा फोड फुटून ओला झाला होता. काकांना त्याचा पत्ताच नव्हता. मोज्याला लागलेला डाग पाहून काकूंचा चेहरा उतरला. संवेदना तपासण्याच्या नायलॉनच्या दोऱ्याने मी त्यांच्या तळव्याला दहा ठिकाणी स्पर्श केला. सात ठिकाणी त्यांना काहीच जाणवले नाही.

हा फोड बेडच्या तापलेल्या पृष्ठभागावर रोज वीस मिनिटे टाच टेकल्याने आला, की नव्या चपलेने, हे मी ठामपणे सांगू शकले नाही. परंतु तो आलेला काकांना कळला नाही, ही गोष्ट बेडच्या किमतीपेक्षा अधिक महत्त्वाची होती. अशा बेडविषयी विचारणा करणारी कुटुंबे आता वरचेवर भेटू लागली आहेत. म्हणून आजचा लेख.

हा प्रकाश करतो काय?

१९६७च्या सुमारास बुडापेस्टमधील डॉ. एंड्रे मेस्टर यांना उंदरांवरील प्रयोगात असे आढळले की, लेसरचा सौम्य लाल प्रकाश दिलेल्या जागी भादरलेले केस लवकर उगवतात. पुढे १९९०च्या दशकात 'नासा'ने अंतराळात रोपे वाढवण्यासाठी वापरलेल्या एलईडी दिव्यांमुळे जखमा भरण्यावरही संशोधन झाले. आजच्या उपकरणांत साधारण ६३० ते ६६० नॅनोमीटर लांबीच्या लाल लहरी आणि ८१० ते ८५० नॅनोमीटरच्या अवरक्त लहरी वापरतात. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांतील एक विकर हा प्रकाश शोषून घेते आणि पेशींचे काम सुधारते, अशी त्यामागील मीमांसा आहे.

ही भोंदूगिरी नव्हे. कर्करोगावरील उपचारांमुळे तोंडात होणाऱ्या वेदनादायक जखमा टाळण्यासाठी लाल प्रकाशाचा उपयोग आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मान्य झाला आहे. टक्कल पडण्याच्या काही प्रकारांत आणि चेहऱ्यावरील सुरकुत्यांत माफक लाभ दिसतो. गुडघ्याच्या झिजेवर, योग्य मात्रेत आणि नेमक्या जागी लेसर दिल्यास वेदना कमी होतात, असा निष्कर्ष २०१९ साली अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून निघाला.

मधुमेहामुळे बधिर झालेल्या पायांचे मात्र तसे नाही. खरे अवरक्त उपकरण आणि तसेच दिसणारे निष्क्रिय उपकरण यांची तुलना करणारा एक काटेकोर अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोहोंत फरक आढळला नाही. अमेरिकेतील ज्येष्ठांच्या 'मेडिकेअर' या सरकारी विमा योजनेने त्याआधीच, २००६ साली, या विकारासाठी अवरक्त उपकरणांचा खर्च देण्याचे नाकारले होते. म्हणजे काका ज्या तक्रारीसाठी साडेतीन लाख मोजायला निघाले होते, नेमका तिथेच पुरावा दुबळा होता.

नेहमी येणाऱ्या अडचणी

पहिली अडचण चढण्या-उतरण्याची. अनेक बेड गुडघाभर उंचीचे असून कडा उंच असते. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असलेली व्यक्ती वीस मिनिटे उबेत पडून एकदम उठली की रक्तदाब उतरतो आणि घेरी येते. त्यातून पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे, हा या बेडचा प्रकाशापेक्षा मोठा धोका आहे. सत्र संपल्यावर दोन मिनिटे पडून राहावे, मग कडेला बसावे, मगच उभे राहावे. तोवर सोबतीस कोणीतरी असावे.

दुसरी अडचण उष्णतेची. पंखे धुळीने भरले की बेड तापतो. बधिर पायांना, अर्धांगवायूने दुबळ्या झालेल्या अंगाला किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला चटका कळत नाही, कळला तरी सांगता येत नाही. अशांना एकटे कधीच झोपवू नये.

तिसरी अडचण डोळ्यांची. अवरक्त प्रकाश जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही. बेडसोबत मिळणारा चष्मा लावावाच. दृष्टिपटलाचा विकार असेल तर नेत्रतज्ज्ञांना आधी विचारावे.

चौथी अडचण औषधांची. डॉक्सिसायक्लिन, हायड्रोक्लोरोथायझाइड, अमिओडॅरोन यांसारख्या औषधांनी, तसेच कोडावर दिल्या जाणाऱ्या बावचीने त्वचा प्रकाशाला हळवी होते. हा हळवेपणा मुख्यतः अतिनील किरणांपुरता असला, तरी आपल्या सर्व गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरुवात करू नये. ल्युपस किंवा पॉर्फिरिया असलेल्यांनी हा उपचार परस्पर घेऊ नये. शरीरात कर्करोग असेल तर त्या तज्ज्ञांच्या संमतीशिवाय मुळीच नको.

पाचवी तक्रार मजेशीर आहे. "नवा बेड आणला आणि निम्मे दिवे बंद!" ८५० नॅनोमीटरचे दिवे चालू असूनही बंद वाटतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यास बहुधा फिकट जांभळी चमक दिसते. कॅमेऱ्यातही काही दिसले नाही, तर मात्र विक्रेत्याला बोलवावे.

सहावी अडचण विजेची. असा बेड इस्त्री किंवा गिझरइतकी वीज ओढू शकतो. त्याला सोळा अँपिअरचा प्लग, चांगले अर्थिंग आणि शक्यतो स्वतंत्र एमसीबी हवा. मुलांनी अमेरिकेतून पाठवलेले यंत्र तिथल्या ११० ते १२० व्होल्टचे असेल, तर आपल्या २३० व्होल्टवर थेट लावल्यास ते जळेल.

घ्यायचाच असेल तर

आधी तक्रार ठरवावी, मग उपकरण. एका गुडघ्यासाठी अंगभर बेड लागत नाही. लहान पट्टा किंवा पॅनेल पुरते आणि तेही व्यायामाच्या जोडीला. भौतिकोपचार केंद्रात काही आठवडे उपचार घेऊन फरक पडतो का, हे पाहणे सर्वांत स्वस्त.

विक्रेत्याकडून चार गोष्टी लेखी मागाव्यात. लहरींची लांबी किती नॅनोमीटर? त्वचेवर दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिवॉट प्रकाश पोहोचतो, आणि तो किती अंतरावर, कोणत्या मापकाने मोजला? सूर्यप्रकाश मोजण्याच्या साध्या मीटरने घेतलेला आकडा फुगलेला असू शकतो. अतिनील किरण शून्य आहेत का? त्वचा सावळी करणारे जुने 'टॅनिंग' बेड दिवे बदलून विकल्याची उदाहरणे आहेत. टॅनिंग बेडच्या अतिनील किरणांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली कर्करोगकारक ठरवले आहे. चौथी गोष्ट, दुरुस्ती कोण करणार आणि सुटे भाग कुठून येणार?

मात्रेचा हिशेब सोपा आहे. दर चौरस सेंटिमीटरला ३० मिलिवॉट प्रकाश दहा मिनिटे, म्हणजे ६०० सेकंद घेतला, तर १८ ज्यूल मिळतात. अधिक वेळ झोपल्याने अधिक गुण येत नाही; ठरावीक मर्यादेपुढे लाभ उलट घटतो. "रोज तासभर झोपा" असे सांगणाऱ्याला हा हिशेब मांडायला सांगावे.

'एफडीए रजिस्टर्ड' या शब्दांना भुलू नये. त्याचा अर्थ नोंदणी झाली, एवढाच. 'एफडीए क्लिअर्ड' म्हणजे उपकरण आधीच्या एखाद्या उपकरणाशी मिळतेजुळते आहे. सर्व दाव्यांवर शिक्कामोर्तब नव्हे. आणि मधुमेह, अर्धांगवायू वा मोतीबिंदू बरा करतो, अशी जाहिरात करणे आपल्याकडे १९५४च्या कायद्याने निषिद्ध आहे. असा दावा करणाऱ्या दुकानातून काहीच घेऊ नये.

बेडमध्ये आतून सहज उघडणारे झाकण आणि हाताशी बंद करण्याचे बटण असावे. आणि गावोगावी मोफत झोपायला मिळणारे गरम दगडांचे मालिश-बेड निराळे. तिथे काम करते ती उष्णता. दोहोंत गल्लत करू नये.

काकांची टाच भरायला सहा आठवडे लागले. एक दिवसाआड ड्रेसिंग, टाचेवर भार न देणे आणि साखर आटोक्यात आणणे, एवढेच उपाय होते. बेडच्या नादात त्यांनी रात्रीची गोळी सोडली होती, हे तिसऱ्या भेटीत काकूंनी हळूच सांगितले. लेकीशी मी फोनवर बोलले. तिची चूक नव्हती. दूर असलेल्या मुलांना आईवडिलांसाठी काहीतरी करावेसे वाटते आणि माहितीपत्रक ती वाट सोपी करून दाखवते.

तिने बेडऐवजी एमसीआरच्या मऊ चपला पाठवल्या, काकूंसाठी भौतिकोपचाराची बारा सत्रे ठरवली आणि एक लांब दांड्याचा आरसाही. काका आता रोज रात्री झोपण्यापूर्वी त्या आरशात तळपाय पाहतात. दिसले नाही तर काकूंना हाक मारतात.

आपल्याही घरी मधुमेही ज्येष्ठ असतील, तर आज रात्री त्यांचे मोजे काढून तळपाय, टाचा आणि बोटांच्या बेचक्या नीट पाहा. बेडचा विचार त्यानंतर, आणि सावकाश करावा.