युनिसचा नकार

मॅसॅच्युसेट्समधल्या डिअरफील्ड गावावर २९ फेब्रुवारी १७०४ च्या पहाटे फ्रेंच सैनिक आणि त्यांच्या बाजूचे आदिवासी योद्धे तुटून पडले. ११२ माणसे कैद करून बर्फातून कॅनडाला नेली. त्यांत पाद्री जॉन विल्यम्स होते आणि त्यांची सात वर्षांची युनिसही. वडील १७०६ मध्ये सुटले. युनिस मॉन्ट्रियलजवळच्या काह्नवाके या मोहॉक वस्तीत राहिली, तिथल्याच अरोसेनशी तिने लग्न केले आणि बापाने परत बोलावले तेव्हा नकार दिला.

अजाण पोरीचे मन रानटी लोकांनी आणि कॅथलिक धर्मगुरूंनी फिरवले, ती जन्मभर कैदीच राहिली, असा न्यू इंग्लंडचा निवाडा. तो मला साफ अमान्य आहे.

तिला नेले ते जबरदस्तीनेच. नुकत्याच बाळंत झालेल्या तिच्या आईला चालवेना, म्हणून वाटेत मारून टाकले. या क्रौर्याचे समर्थन होऊच शकत नाही. पण सात वर्षांच्या मुलीवरचा अन्याय चाळिशी ओलांडलेल्या बाईचा निर्णय रद्द करीत नाही. १७४० मध्ये ती नवऱ्यासह भावाला भेटायला आली. तो भाऊ, स्टीफन, स्वतः डिअरफील्डचा कैदी होता आणि पुढे पाद्री झाला. त्याने तिला राहण्यासाठी परोपरीने विनवले. ती परत गेली. नंतरही आली, भेटली, आणि काह्नवाकेलाच परतली. १७८५ मध्ये तिथेच वारली. आपल्या पायांनी माहेरी येऊन आपल्या पायांनी सासरी जाणाऱ्या बाईला कैदी कोणत्या तोंडाने म्हणायचे?

तिला तिथे काय मिळाले, हे तिच्या माणसांनी कधी नीट विचारलेच नाही. साथींनी आणि लढायांनी मोहॉक घरे रिकामी होत होती. मेलेल्या माणसाच्या जागी कैद्याला दत्तक घेत. कूळ आईकडून चाले, आणि दत्तक मुलगी त्या कुळात परकी उरत नसे. सगळ्याच कैद्यांच्या वाट्याला हे आले नाही. अनेक जण खंडणी भरून सुटले, काही मारले गेले. पण युनिसला घर मिळाले.

आणि ‘रानटी’ म्हणणाऱ्यांच्या हाती कैदी लागले तेव्हा? १६७६ मध्ये वाम्पानोआग नायक मेटाकोमची बायको आणि कोवळा मुलगा इंग्रजांच्या हाती पडले. त्या पोराला फाशी द्यावी की नाही, यावर पाद्र्यांनी बायबलचे दाखले काढून खल केला. शेवटी त्याला गुलाम म्हणून परमुलखात विकले. त्याला दत्तक घ्यावे, असे कुणी सुचवल्याची नोंद मला आढळलेली नाही.