घड्याळ देशी, हृदय परदेशी

भारत आणि एफ्टा गटातील स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिकटेन्स्टाइन या चार देशांमधील व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला. मनगटी घड्याळांवर आजवर २० टक्के मूळ सीमाशुल्क होते. स्विस घड्याळांसाठी ते आता टप्प्याटप्प्याने शून्यावर येणार आहे. महागडी घड्याळे किती स्वस्त होतील, याचीच चर्चा बाजारात अधिक आहे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. शुल्काच्या भिंतीआड साठ वर्षे वाढलेल्या भारतीय घड्याळ उद्योगाकडे स्वतःचे असे नेमके काय आहे?

या उद्योगाचा आरंभ सरकारी होता. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्सने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बेंगळूरु येथे घड्याळनिर्मिती सुरू केली. पुढे श्रीनगर, तुमकुरू आणि राणीबाग येथेही कारखाने उभे राहिले. ‘जनता’, ‘पायलट’, ‘कोहिनूर’ ही नावे घरोघरी पोहोचली. परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलाला किंवा लग्नात जावयाला एचएमटीचे घड्याळ देणे ही रीतच झाली होती. कंपनीने एकूण १० कोटींहून अधिक घड्याळे बनवली. हैदराबादच्या ऑल्विननेही जपानच्या सेइकोशी सहकार्य करून या क्षेत्रात पाऊल टाकले होते.

या वैभवाला ग्रहण लागले ते क्वार्ट्झ तंत्रामुळे. बॅटरीवर सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक चावीच्या घड्याळापेक्षा अधिक अचूक वेळ दाखवतो, शिवाय ते स्वस्तातही बनते. एचएमटीनेही क्वार्ट्झ घड्याळे काढली. पण तिची यंत्रसामग्री, मनुष्यबळ आणि मानसिकता चावीच्या घड्याळातच गुंतलेली राहिली. टाटा समूह आणि तमिळनाडू औद्योगिक विकास महामंडळ यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या टायटनने नेमकी हीच संधी साधली. झर्क्सिस देसाई यांच्या नेतृत्वाखाली होसूरच्या कारखान्यातून आलेली क्वार्ट्झ घड्याळे देखण्या दालनांतून विकली जाऊ लागली. वेळ पाहण्याचे साधन आता पेहरावाचा भाग बनले. इकडे एचएमटीचा तोटा वाढत गेला आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळ समितीने तिच्या घड्याळ कंपन्या बंद करण्यास मान्यता दिली. तुमकुरूच्या कारखान्याची जागा पुढे इस्रोकडे गेली.

कारखान्याबरोबर केवळ इमारत आणि नोकऱ्या गेल्या नाहीत. केसाएवढी स्प्रिंग, सूक्ष्म दातेरी चक्रे आणि माणकांचे टेकू घडवणारी, पिढ्यान्‌पिढ्या हातात मुरणारी विद्याही विखुरली. घड्याळाचे हृदय म्हणजे त्याची यंत्रणा, म्हणजेच मूव्हमेंट. ती ज्याच्याकडे, घड्याळावर सत्ता त्याची. टायटनने ही क्षमता टिकवली. २००२ मध्ये तिने अवघ्या साडेतीन मिलिमीटर जाडीचे ‘एज’ बाजारात आणले आणि त्यातील १.१५ मिलिमीटरची यंत्रणा देशातच विकसित केली. पण अशी उदाहरणे मोजकीच आहेत. जयपूर आणि बेंगळूरु येथून गेल्या दशकात पुढे आलेल्या छोट्या नाममुद्रांची संकल्पना आणि सजावट अस्सल भारतीय असते. आतली यंत्रणा मात्र बहुधा जपानी किंवा स्विस असते. स्वस्त घड्याळांच्या बाजारातही आयात यंत्रणा आणून येथे जुळणी करण्याचा मार्ग सर्रास वापरला जातो.

स्मार्ट घड्याळांच्या लाटेने हेच चित्र वेगळ्या रूपात दाखवले. विक्रीच्या संख्येत भारत २०२३ मध्ये जगातील सर्वांत मोठी बाजारपेठ ठरला; २०२४ मध्ये त्याच बाजारात मोठी घसरण झाली. नाममुद्रा भारतीय आणि जुळणीही आता बव्हंशी येथेच, पण चिप आणि पडदा बाहेरून. केवळ किमतीवर उभी राहिलेली मागणी ग्राहकाचे कुतूहल ओसरताच खाली आली.

तरीही निराश होण्याचे कारण नाही. परवाणू येथे तबकड्यांपासून सुरुवात केलेली केडीडीएल ही कंपनी आज स्विस घड्याळांना तबकड्या आणि काटे पुरवते. जगातील सर्वांत चोखंदळ ग्राहक भारतीय कारागिरी स्वीकारतो, याचा हा पुरावा आहे. गोव्यातही टायटन टाइमप्रॉडक्ट्सच्या रूपाने घड्याळाच्या इलेक्ट्रॉनिक सर्किटची निर्मिती रुजली होती. सुटे भाग बनवण्यासाठी विस्तीर्ण जमीन लागत नाही, धुराडी लागत नाहीत; लागतात ती कुशल बोटे, स्वच्छ दालने आणि खात्रीची वीज. जमिनीची चणचण आणि पर्यावरणाची चिंता असलेल्या गोव्यासारख्या राज्याला याहून सोयीचा उद्योग विरळाच.

स्विस घड्याळांच्या निर्यातीत भारताचा वाटा अद्याप सुमारे एक टक्काच आहे. शुल्क घटल्याने दोन हजारांच्या देशी घड्याळाला लगेच धोका नाही. धोका आहे तो वरच्या पायरीवर, जिथे भारतीय कंपन्या आता कुठे चढू पाहत आहेत. याच करारात पंधरा वर्षांत १०० अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचे उद्दिष्टही नमूद आहे. त्यातील काही अंश सूक्ष्म अभियांत्रिकी आणि घड्याळ प्रशिक्षणाकडे वळवण्याचा आग्रह सरकारने धरायला हवा. आयटीआयमधून घड्याळदुरुस्तीची विद्या पुन्हा प्रतिष्ठित झाली, तर महागड्या घड्याळांची वाढती विक्रीही येथील तरुणांना रोजगार देऊ शकेल. आज बाजारपेठांतील जुन्या घड्याळजींच्या खुर्च्या वारसाविना रिकाम्या होत आहेत.

संरक्षणाने एचएमटी वाचली नाही, कारण संरक्षणाच्या काळात नवी विद्या पुरेशा वेगाने आत्मसात झाली नाही. आता शुल्कमुक्ती येईपर्यंतची मोजकी वर्षे हाती आहेत. ती विद्या मिळवण्यात गेली, तर घड्याळाचे हृदयही देशी होईल. नाहीतर भारताच्या वाट्याला केवळ मनगट उरेल.